छातीची शस्त्रक्रिया आणि अफूचे दोन इतिहास

१/ कोपरखैरण्यातील एखाद्या रुग्णाला फुप्फुसाच्या किंवा अन्ननलिकेच्या कर्करोगासाठी मोठी शस्त्रक्रिया सांगितली जाते, तेव्हा कुटुंब अनेकदा खाडीपूल ओलांडून परळ गाठते. अशा शस्त्रक्रियेनंतर वेदनेवर जे औषध पूर्वापार दिले जाते, त्याच्या मुळाशी मुंबईचे जुने नाते आहे. त्या नात्याचा हा थ्रेड.

२/ औषधाचे नाव मॉर्फिन. जर्मन औषधनिर्माता झेर्ट्युर्नर याने ते १९व्या शतकाच्या प्रारंभी अफूपासून वेगळे केले. त्याच शतकात माळव्याची अफू मुंबई बंदरातून चीनला जात होती.

३/ या व्यापारातून धनाढ्य झालेल्यांत सर जमशेटजी जीजीभॉय अग्रणी होते. भायखळ्याचे जे. जे. रुग्णालय त्यांच्याच देणगीतून उभे राहिले. शेजारचे ग्रँट वैद्यकीय महाविद्यालय १८४५ मध्ये सुरू झाले. या शहराच्या वैद्यकशिक्षणाच्या पायात अफूचा पैसा असा मुरलेला आहे.

४/ छाती उघडण्याचे धाडस पुष्कळ नंतरचे. १६ फेब्रुवारी १९६८ रोजी परळच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी भारतातील पहिले हृदयप्रत्यारोपण केले. रुग्ण काही तासच जगला. पुढे छातीच्या शस्त्रक्रिया नित्याच्या झाल्या आणि एक जुना पेच ठळक झाला.

५/ हाताची जखम स्थिर ठेवता येते. छातीची येत नाही. चीर दोन बरगड्यांमधून जाते आणि प्रत्येक श्वासासरशी ती हलते. वेदनेपोटी रुग्ण उथळ श्वास घेतो, खोकणे टाळतो. कफ साचतो आणि न्यूमोनियाचा धोका वाढतो.

६/ मॉर्फिन वेदना शमवते, परंतु मात्रा वाढली की मेंदूतील श्वासाचे नियंत्रणही मंदावते. वेदनाही श्वास रोखते आणि वेदनेचे औषधही! म्हणून अफूजन्य औषध कमी कसे करावे, हा प्रश्न छातीच्या शस्त्रक्रियेत सर्वाधिक तीव्र ठरतो.

७/ भारताने एक उत्तर कायद्यातून दिले, तेही व्यसन रोखण्यासाठी. १९८५ च्या एनडीपीएस कायद्याने शिक्षा कठोर झाल्या, परवान्यांचे जाळे वाढले. रुग्णालये आणि औषधविक्रेते मॉर्फिन ठेवण्यास कचरू लागले. पुढील बारा-तेरा वर्षांत देशातील त्याचा वैद्यकीय वापर ९० टक्क्यांहून अधिक घसरला.

८/ वेदना मात्र घसरली नाही. अफूची कायदेशीर शेती करणाऱ्या मोजक्या देशांपैकी एक असलेल्या भारतात, नीमच आणि गाझीपूर येथे सरकारी अल्कलॉइड कारखाने असताना, कर्करोगाचे असंख्य रुग्ण मॉर्फिनवाचून तळमळत राहिले. २०१४ च्या दुरुस्तीने परवान्यांची प्रक्रिया सुटसुटीत करण्याचा मार्ग मोकळा केला.

९/ दुसरे उत्तर भूलशास्त्राने शोधले. १८८४ मध्ये व्हिएन्नाच्या कार्ल कोलर यांनी कोकेनने डोळा बधिर करून दाखवला. १९०५ मध्ये ह्युगो झेलहाइम यांनी मणक्याशेजारी, मज्जातंतू बाहेर पडतो तिथेच, सुई नेली. १९२१ मध्ये स्पॅनिश लष्करी शल्यविशारद फिदेल पाखेस यांनी एपिड्युरल पद्धत मांडली.

१०/ तत्त्व सोपे आहे. बरगड्यांखालून धावणारे मज्जातंतू वेदनेचा निरोप मेंदूकडे नेतात. तो निरोप वाटेतच अडवला, तर मेंदूला गुंगी देण्याची गरज घटते. झेलहाइम यांची पद्धत मागे पडली होती. १९७९ मध्ये ईसन आणि वायट यांनी तिला पुन्हा उजेडात आणले.

११/ पुढे अल्ट्रासाउंडमुळे सुईचे टोक पडद्यावर दिसू लागले. २०१६ मध्ये फोरेरो आणि सहकाऱ्यांनी पाठीच्या स्नायूखालच्या थरात औषध सोडण्याची नवी पद्धत वर्णिली. जोडीला पॅरासिटामॉलसारखी औषधे आणि दुर्बिणीद्वारे केलेली लहान चीर. या सगळ्यांच्या मेळाने मॉर्फिनची मात्रा उतरवता येते. तरीही ते हाताशी ठेवावे लागते, कारण प्रत्येक बधिरीकरण पूर्ण साधतेच असे नाही.

१२/ अफू कमी करण्याचे असे दोन इतिहास आहेत. एकात औषध आधी गेले आणि वेदना उरली. दुसऱ्यात वेदनेची वाट आधी अडवली गेली आणि औषध आपोआप कमी लागले. कागदावर दोन्हींचे आकडे सारखेच उतरलेले दिसतील. फरक कळतो तो शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, रुग्णाला खोलवर श्वास घेऊन खोकायला सांगितल्यावर.