वाईची तुलना इंदूरशी नको, कऱ्हाडशी करा
स्वच्छतेचा विषय निघाला की आपण लगेच इंदूरचं नाव घेतो. एवढं महानगर आणि आपली कृष्णाकाठची वाई, मेळ कसा बसणार? केंद्राच्या स्वच्छ सर्वेक्षणात १ लाखाच्या आतल्या शहरांचा गट वेगळा असायचा. त्यात २०२० ला कऱ्हाड, २०२१ ला विटा, २०२२ ला पाचगणी देशात पहिली आली. तिन्ही सातारा-सांगलीचीच; पाचगणी तर पसरणी घाट चढला की आलीच!

आमच्या मते नुसता क्रमांक पाहून उपयोग नाही. कचरा घरातच वेगळा होतो का, त्यावर प्रक्रिया किती होते, पाणवठे स्वच्छ आहेत का, हे सगळं स्वतंत्रपणे मोजलेलं असतं. वाई आणि कऱ्हाडचे आकडे शेजारी ठेवा. वाई जिथे मागे दिसेल, तो मुद्दा घेऊन मोहल्ल्यातल्या नगरसेवकाला भेटा.