सौरवाताचे बहुस्थानी निरीक्षण

सूर्याच्या किरीटातून म्हणजे कोरोनातून अखंड बाहेर वाहणाऱ्या विद्युत्भारित कणांच्या प्रवाहाला सौरवात म्हणतात. वेगवेगळ्या जागी असलेल्या यानांच्या नोंदी जुळवून त्याची रचना समजून घेणे म्हणजे बहुस्थानी निरीक्षण. यूजीन पार्कर यांनी १९५८ मध्ये सौरवाताचे गणित मांडले. १९६२ मध्ये शुक्राकडे निघालेल्या मरिनर-२ने त्याचा पुरावा दिला.

एकाच यानाला वाऱ्याचा वेग बदललेला जाणवला, तर वारा बदलला की यान दुसऱ्या झोतात शिरले, हे ठरवता येत नाही. त्यात सूर्य स्वतःभोवती फिरतो, त्यामुळे त्याची चुंबकीय बलरेषा शेतातल्या फिरत्या तुषारसंचाच्या धारेसारखी वळत जाते; म्हणून वेगवेगळ्या जागांच्या नोंदी लागतात.

युलिसिस यान गुरूच्या गुरुत्वाकर्षणाने ग्रहांच्या प्रतलाबाहेर फेकले गेले आणि १९९४-९५ मध्ये सूर्याच्या दोन्ही ध्रुवांवरून गेले. तेव्हा दिसले, की ध्रुवांकडचा वारा सेकंदाला सुमारे ७५० किमी वेगाने वाहतो, विषुववृत्ताकडचा त्याच्या जवळपास निम्म्या वेगाने. पृथ्वीजवळ बसून हे चित्र कधीच मिळाले नसते.

सूर्याचे निरीक्षण करणाऱ्या स्टिरिओ मोहिमेची दोन याने २००६ मध्ये निघाली. एक पृथ्वीच्या पुढे सरकत गेले, दुसरे मागे राहत गेले. फेब्रुवारी २०११ मध्ये ती सूर्याच्या विरुद्ध बाजूंना पोहोचली आणि अख्खा सूर्य एकाच वेळी दिसला. २३ जुलै २०१२चा प्रचंड किरीटी उद्रेक, म्हणजे किरीटातून द्रव्य बाहेर फेकले जाणे, पृथ्वीच्या दिशेने नव्हता. पुढे सरकलेल्या स्टिरिओ-ए यानाला मात्र त्याने १९ तासांच्या आत गाठले. एरवी एवढ्या अंतराला दोन-तीन दिवस लागतात. चार दिवस आधीच्या उद्रेकाने वाटेतला वारा विरळ करून ठेवला होता, म्हणून हा वेग टिकला. माझ्या मते या पद्धतीची सर्वात मोलाची नोंद हीच.

फेब्रुवारी २०२२ मध्ये सूर्याजवळच्या पार्कर यानावरून गेलेला झोतच सुमारे दोन दिवसांनी त्याहून दूरच्या सोलर ऑर्बिटर यानावर आला. मधल्या प्रवासात आल्फव्हेन लहरींची, म्हणजे चुंबकीय बलरेषांवरून जाणाऱ्या लहरींची, ऊर्जा वाऱ्याला तापवते आणि वेग देते, हे या जुळणीतून दिसले. पृथ्वीपासून सूर्याच्या दिशेने १५ लाख किमीवर, एल-१ बिंदूपाशी, जानेवारी २०२४ पासून भारताचे आदित्य-एल१ सौरवातातील कण मोजते आहे.

ध्रुवांवरून गेलेल्या युलिसिसवर मात्र कॅमेरा नव्हता. सूर्याच्या दक्षिण ध्रुवाची छायाचित्रे सोलर ऑर्बिटरने मार्च २०२५ मध्ये, सूर्याच्या विषुववृत्ताशी १७ अंशांपर्यंतच्या कोनातून घेतली. शुक्राजवळून पुन्हा पुन्हा जात हा कोन ३३ अंशांपर्यंत वाढवण्याची योजना आहे.