गर्भवतीची साखर आणि यकृत : दोन तपासण्यांचा इतिहास

गरोदरपणातील मधुमेह, म्हणजे गर्भारपणात प्रथमच आढळणारी रक्तशर्करेची वाढ, आणि यकृताची विकरे यांचा अभ्यास दीर्घकाळ वेगवेगळ्या वाटांनी चालला. पहिल्याच्या निदानाचे मोजमाप संशोधक ओ'सुलिव्हन व मॅहन यांनी बोस्टनमध्ये 1964 साली बसवून दिले. विकरे ही पेशींतील रासायनिक क्रिया घडवणारी प्रथिने असून, पेशीला इजा झाली की ती रक्तात उतरतात. त्यांपैकी एसजीओटीची मोजणी 1950च्या दशकात अमेरिकेत प्रथम रुजली ती, गंमत म्हणजे, यकृतासाठी नव्हे तर हृदयविकाराच्या झटक्यासाठी.

विकरे अशी यकृताबाहेरूनही येत असल्याने त्यांचा अहवाल वाचणे अवघड, गर्भवतीचा तर अधिकच, कारण अल्कलाइन फॉस्फटेज हे विकर वारेतूनही येत असल्याने अखेरच्या तिमाहीत निरोगी स्त्रीतही वाढते. एसजीपीटी हे यकृताचे विकर मात्र सहसा वाढत नाही, म्हणून ते वाढलेले दिसले तर यकृतातील चरबी किंवा अन्य विकार यांचा शोध घ्यावा लागतो. चरबी साठलेले यकृत इन्शुलिनला नीट दाद देत नाही, साखर रक्तात सोडत राहते, आणि वारेतील संप्रेरके या अडथळ्यात भरच घालतात.

मधुमेह हा खात्यापित्या घरचा रोग, ही समजूत महाराष्ट्रात पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या अभ्यासाने मोडीत काढली. पुण्याजवळच्या सहा खेड्यांत 1993 पासून पाहिलेल्या माता कृश होत्या, त्यांची बाळे सरासरी 2.7 किलोची, तरीही इंग्लंडमधील वजनदार बाळांच्या तुलनेत त्यांच्या अंगातील, मधुमेहाला पोषक ठरणारी चरबी प्रमाणाने अधिक होती. रत्नागिरी जिल्ह्यात चिपळूण तालुक्यातील डेरवण येथील वालावलकर रुग्णालयाने हाच धागा मागे नेऊन, गर्भारपणाची वाट न पाहता, 16 ते 18 वर्षांच्या कोकणी मुलींचा दीर्घकालीन अभ्यास 2019 मध्ये हाती घेतला.

गर्भवतीच्या मधुमेहाची प्रत्यक्ष तपासणी सोपी झाली ती चेन्नईच्या डॉ. व्ही. शेषय्या यांच्या पद्धतीमुळे: 75 ग्रॅम ग्लुकोज पाण्यात विरघळवून प्यायला देतात, दोन तासांनी रक्तशर्करा 140 मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर किंवा अधिक भरली की निदान होते, आणि उपाशीपोटी येण्याची अट नसल्याने दूरच्या वाडीवरून एसटीने आलेल्या स्त्रीला त्यासाठी दुसरा हेलपाटा पडत नाही. केंद्र शासनाच्या मार्गदर्शक सूचनांनी हीच पद्धत स्वीकारली. यकृताच्या विकरांना मात्र मधुमेहाच्या या चाळणीत अद्याप स्थान नाही.