कंसातले नाव, कापलेला शेरा

पेणच्या खारपट्ट्यातली बरीचशी शेती धरमतर खाडीला बांध घालून मिळवलेली. रोह्यात कुंडलिकेच्या खाडीकाठीही तसेच. अशा जमिनीवर हक्क सहसा एकट्याचा नसे. खारे पाणी रोखणारा शिलोत्रीदार, सारा गोळा करणारा खोत आणि चिखलात उभे राहून भात लावणारे कूळ, असे तिघे तिच्याशी बांधलेले असत. १८८३च्या कुलाबा गॅझेटियरमध्ये या खोती-शिलोत्रीचे वर्णन सापडते. शेजारच्या अलिबाग तालुक्यात चरीच्या कुळांनी १९३३पासून सहा वर्षे संप केला, तो याच खोतीविरुद्ध.

असे हक्क कागदावर आणणारी हक्कनोंदणी मुंबई इलाख्यात १९०३च्या कायद्याने आली, आणि पुढे सातबारा घरोघरी पोचला. नाव, क्षेत्र, आकार या गोष्टी मोजक्या शब्दांत आणि आकड्यांत मावतात. खरी गुंतागुंत असते ती ‘इतर हक्क’ या रकान्यात. कूळ, बोजा, विहिरीतला हिस्सा, वारसांचे वाद हे सगळे तिथे वाक्यांत लिहिले जाते. १ एप्रिल १९५७च्या कृषक दिनानंतर कसणारी कुळे मालक ठरू लागली, आणि या रकान्यात एक शेरा वारंवार दिसू लागला: ‘कूळ कायदा कलम ४३ च्या बंधनास पात्र’. म्हणजे ही जमीन परवानगीशिवाय विकता येत नसे. कुळाच्या हातची जमीन पुन्हा सावकाराकडे जाऊ नये, याची राखण त्या सहा-सात शब्दांवर होती.

हे शब्द जपण्याची कागदी रीत विलक्षण शहाणपणाची होती. तलाठ्याने खोडायचे नाही. जुन्या खातेदाराच्या नावाला कंस करायचा, नवे नाव खाली लिहायचे आणि शेजारी वर्तुळात फेरफाराचा क्रमांक टाकायचा. त्या क्रमांकावरून गाव नमुना सहा उघडला की बदल कशाने झाला ते सविस्तर वाचता येई. नोंद लिहिल्यावर हितसंबंधितांना नोटीस जाई, हरकतीला पंधरा दिवस मिळत, मग मंडळ अधिकारी ती प्रमाणित करीत.

धोका होता तो पुनर्लेखनात. काही वर्षांनी जीर्ण सातबारा नव्या कागदावर उतरवताना एखादे नाव गळे, एखादा शेरा अर्धाच उतरे.

संगणक आला तोही एक पुनर्लेखन घेऊनच. भूमिअभिलेख संगणकीकरणाची केंद्रीय योजना १९८८-८९मध्ये देशातल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात महाराष्ट्राचा वर्धा होता. हाताने लिहिलेले रकाने कीबोर्डावरून डेटाबेसमध्ये भरावे लागले. देवनागरी मजकुरात इथे एक सापळा असतो. युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, काना-मात्रेसकट, तीन बाइट घेते. समजा, रकान्याला पन्नास बाइटची मर्यादा आहे. वरचा शेरा त्यात टाकला तर ‘कूळ कायदा कलम ४३ च्’ एवढे मावते आणि पुढच्या ‘य’चा एकच बाइट आत शिरतो. पडद्यावर तुटके चिन्ह दिसते आणि ‘बंधनास पात्र’ हे नेमके शब्द बाहेर राहतात. प्रणालीने असा मजकूर मुकाट्याने कापून साठवला, तर बिघाड कुणाच्या लक्षातही येत नाही. म्हणून दीर्घ मजकुराला लांबीची मर्यादा नसलेला रकाना द्यावा, मावत नसेल तर नोंद स्पष्टपणे नाकारावी, आणि फेरफार एक तर पूर्ण लागू व्हावा किंवा अजिबात होऊ नये, असे चांगला डेटाबेस रचणारे मानतात. जुन्या फॉन्टांतला मजकूर युनिकोडमध्ये नेतानाही जोडाक्षरे आणि रफार विस्कटण्याची भीती असतेच.

महाराष्ट्रात चावडी वाचन झाले, म्हणजे संगणकातला सातबारा गावकऱ्यांसमोर मोठ्याने वाचला गेला. हस्तलिखिताशी न जुळणाऱ्या नोंदी महसूल संहितेच्या कलम १५५खाली, लेखनप्रमाद म्हणून, दुरुस्त होऊ लागल्या. १ मे २०१८ला डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा आला. सही झाल्यावर मजकुरातले एक अक्षर बदलले तरी ते उघड होते. मात्र सहीच्या आधीच शेरा कापला गेला असेल, तर तो कापलेलाच अधिकृत ठरतो. त्यामुळे कूळवहिवाटीच्या वादात आजही जुन्या हस्तलिखित फेरफाराची नक्कल मागवून ती छापील सातबाऱ्याशी ओळीने ताडून पाहावी लागते.