कुकी: विसरभोळ्या वेबला दिलेली आठवण

मागच्या व्याख्यानात आपण टपालाच्या गुप्ततेचा इतिहास पाहिला. आज कुकीचा. नाव खाऊचं, पण वस्तू म्हणजे मजकुराचा एक छोटा तुकडा.

वेब मुळात विसरभोळं होतं. आपण एका पानावरून दुसऱ्यावर गेलो, की सर्व्हरला आधीची भेट आठवत नसे. दुकानदार दर वाक्यानंतर ‘आपण कोण?’ असं विचारू लागला, तर खरेदी व्हायची कशी? १९९४ साली नेटस्केप कंपनीतल्या लू माँटुली या तरुण प्रोग्रॅमरपुढे हीच अडचण होती. त्यांनी तोड काढली ती अशी: सर्व्हरनं चिठ्ठी द्यायची, ब्राउझरनं ती जपायची आणि पुढच्या वेळी दाखवायची. प्रत्येक ब्राउझरला एक कायमचा क्रमांक देणं सोपं होतं. पण मग सगळ्याच साइट्सनी आपल्याला ओळखलं असतं. म्हणून नियम केला, की ज्यानं चिठ्ठी दिली त्यालाच ती परत दिसेल.

मग बिघडलं कुठं? बघा, बातमीच्या पानावरची जाहिरात बहुधा तिसऱ्याच कंपनीच्या सर्व्हरवरून येते, आणि तीही आपली चिठ्ठी ठेवते. हीच कंपनी हजारो साइट्सवर असते. नियम कुठंच मोडत नाही, पण आपली सगळी पावलं तिच्या एका वहीत जमा होतात. डबलक्लिकसारख्या कंपन्यांचा धंदा यावरच वाढला.

हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, असं नाही. फेब्रुवारी १९९७ मध्ये डेव्हिड क्रिस्टॉल आणि माँटुली यांनी लिहिलेलं तांत्रिक मानक प्रसिद्ध झालं. अशा तिऱ्हाइताच्या कुकी मुळात बंद असाव्यात. ज्याला हव्या असतील त्यानं चालू कराव्यात, असं त्यात होतं. नेटस्केप आणि मायक्रोसॉफ्ट, दोघांच्याही ब्राउझरांनी ते मानलं नाही. इतिहासाला वळण मिळालं ते इथं.

पुढे २००९ साली युरोपीय संघानं कायदा बदलून आधी संमती घेणं बंधनकारक केलं. आपल्याकडे २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. पण संमती म्हणजे काय? आम्ही वर्गात दोन अटी सांगत असू: माणसाला माहिती हवी, आणि नकार देता यायला हवा. ‘स्वीकारा’ एका टिचकीत आणि ‘नाकारा’ चार पानं आत असेल, तर दुसरी अट नावापुरतीच उरते. १९९७ च्या मानकात गप्प राहणं म्हणजे नकार होता. तो कुणी आणि कशासाठी उलटवला, हे आपण विसरू नये.

आता तुमचे प्रश्न घेऊ.