पंच आणि ज्यूरी : एका रूढ साम्याची तपासणी

नोव्हेंबर १८१७ मध्ये पुणे इंग्रजांच्या हाती गेले. त्यानंतर दोन वर्षांच्या आत माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याने पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलुखाविषयीचा आपला अहवाल कलकत्त्यास धाडला. त्यातील न्यायविषयक भाग आजही अभ्यासकाने मुळातून वाचावा अशा योग्यतेचा आहे. पंचायतीचे दोष त्याने लपविलेले नाहीत. पंचांस वेतन नाही, हजर राहण्याची सक्ती नाही, निकालास मुदत नाही, आणि झालेला निकाल अमलात येण्यास सरकारची मर्जी लागते, हे सर्व त्याने नोंदविले. आणि तरीही ही संस्था राखावी असेच मत दिले. त्याच सुमारास मद्रासेकडे टॉमस मन्रो हा पंचायत म्हणजे हिंदुस्थानची ज्यूरीच होय अशा आशयाचे प्रतिपादन करीत होता. हे साम्य पुढे इतके रूढ झाले की आपल्याकडील लेखकही ते सहज वापरतात. प्रस्तुत लेखकास ते मान्य नाही. पंच आणि ज्यूरर हे दोघेही न्यायाधीश नसलेले गृहस्थ होते, एवढ्यावर साम्य संपते. दोघांकडून अपेक्षिलेली गोष्ट मात्र परस्परविरुद्ध होती.

पुण्याच्या पूर्वेस नगरच्या रस्त्यावरील वाघोलीचे उदाहरण समोर ठेवू. अशा गावी पाटीलकीचा तंटा उत्पन्न झाला म्हणजे तो गोतसभेपुढे जाई. गोत म्हणजे केवळ भाऊबंद नव्हेत. गावचे व शेजारगावचे वतनदार, शेटे-महाजन आणि बलुतेदार यांचा त्यात समावेश होई. वादी-प्रतिवादी प्रथम राजीनामा लिहून देत, म्हणजे होईल तो निवाडा मान्य करू अशी कबुली देत, आणि वर्तणुकीस जामीन देत. मग प्रत्येकाने आपल्या हक्काचा करीना सांगावयाचा, कागद दाखवावयाचे, साक्षी द्यावयाच्या. पुरावा सरला आणि निर्णय होईना, तर दिव्य. निवाडा झाल्यावर महजर होई व त्यावर हजर असलेल्यांच्या निशाण्या पडत : पाटलाचा नांगर, शेट्याची तागडी आणि अशाच आपापल्या धंद्याच्या खुणा. हरलेला पक्ष यजितखत लिहून देई. जिंकणाऱ्याने सरकारास हरकी भरावयाची आणि हरणाऱ्याने गुन्हेगारी. वि. त्रिं. गुणे यांनी १९५३ साली डेक्कन कॉलेजातर्फे प्रसिद्ध केलेल्या मराठ्यांच्या न्यायपद्धतीवरील ग्रंथात या सर्व पायऱ्यांचा कागदोपत्री मागोवा घेतलेला आहे.

यातील मर्माची गोष्ट अशी की गोतास जे ठाऊक होते त्याच्याच बळावर ते निवाडा करीत असे. शिव कोठून जाते हे महारास माहीत होते, म्हणून सीमेच्या तंट्यात त्याच्या शब्दाला वजन होते. मानपानाचा क्रम जुन्या मंडळींस माहीत होता, म्हणून त्यांस बोलाविले जाई. साक्षीदार आणि निर्णेता यांच्यामध्ये रेषा नव्हती. वस्तुस्थिती एकाने ठरवावी आणि कायदा दुसऱ्याने सांगावा, ही विभागणीही नव्हती. इंग्लंडातील ज्यूरीदेखील मुळात शेजाऱ्यांचीच होती हे खरे. पण ती हिंदुस्थानात आली तेव्हा ज्यूररने खटल्याविषयी कोरे असावे, हा नियम पक्का झालेला होता.

मग पक्षपाताचे काय? वाघोलीचा प्रश्न येथे बोधक आहे. शाहूकालीन मातबर सरदार पिलाजी जाधवराव यांचे हे गाव. त्यांची समाधी तेथेच वाघेश्वराच्या देवळापाशी आहे. अशा घराण्याच्या विरुद्ध त्याच गावच्या गोताने बोलावे, ही अपेक्षा भाबडी ठरेल. या अडचणीवर त्या पद्धतीत उपाय होता : ज्यास गोताची भीती वाटे त्याने परस्थळ मागावे, म्हणजे तंटा दुसऱ्या ठिकाणच्या सभेपुढे न्यावा. जाणकारी सोडावयाची नाही, केवळ दडपण टाळावयाचे, असा हा उपाय. तो नेहमी पुरेसा पडे असे मात्र कोणी समजू नये. जातीनुसार दंड बदलत असे, आणि गोतसभेपुढे येई ते बहुतांशी वतन, सीमा व मानपान यांचेच प्रकरण. मोठे गुन्हे सरकारी अंमलदार पाहत. ज्यूरी हिंदुस्थानी जिल्ह्यांत आली ती फौजदारी कामापुरतीच. तेव्हा विषयाच्या दृष्टीनेही दोहोंचा संबंध तुटकच राहतो.

पुण्यातील न्यायाधीशाचे काम पंच नेमणे, धर्मशास्त्राचा अर्थ सांगणे आणि निवाडा कायम करणे, असे होते. रामशास्त्री प्रभुणे यांचे नाव ३० ऑगस्ट १७७३ च्या नारायणरावाच्या खुनाशी निगडित झाल्यामुळे त्यांच्या नित्याच्या कामाकडे दुर्लक्ष होते, ही खेदाची गोष्ट आहे.

एल्फिन्स्टनची इच्छा फार दिवस टिकली नाही. मुंबई इलाख्याच्या १८२७ च्या कायदेसंग्रहाने, जो त्याच्याच नावाने ओळखला जातो, अदालतींची रचना पक्की केली आणि पंचायत खुषीच्या लवादापुरती उरली. ज्यूरी तोवर मुंबई शहरात होतीच. १८२६ च्या कायद्याने हिंदी लोकांस ज्यूरीत बसता येऊ लागले. पण ख्रिस्ती आरोपीचा विचार त्यांनी करावयाचा नाही, ही अट १८३२ पर्यंत राहिली. १८६१ च्या फौजदारी संहितेने जिल्ह्यांतून ज्यूरी लावण्याचा अधिकार स्थानिक सरकारांस दिला. बाकी ठिकाणी असेसर बसत, आणि त्यांचे मत न्यायाधीशावर बंधनकारक नसे. १८७२ च्या संहितेने ज्यूरीचा निर्णय न पटल्यास सेशन्स न्यायाधीशाने प्रकरण हायकोर्टाकडे पाठवावे अशी वाट ठेवली. म्हणजे ज्यूरी दिली, पण तिच्यावर भरवसा ठेवला नाही.

या पद्धतीचा खरा कस लागला तो टिळकांच्या खटल्यांत. १८९७ साली मुंबई हायकोर्टात न्या. स्ट्रेची यांच्यापुढे नऊ जणांची ज्यूरी बसली : सहा युरोपियन, तीन हिंदी. निर्णय सहा विरुद्ध तीन असा दोषी ठरविणारा झाला. हायकोर्टात निर्णय मान्य होण्यास किमान सहांचे एकमत लागे, हे ध्यानात घेतले म्हणजे या आकड्याचा अर्थ उमगतो. खटला होता ‘केसरी’तील मराठी मजकुराचा. त्यातील शब्दांची धार आणि सूचन युरोपियन सभासदांपर्यंत पोहोचले ते भाषांतरातून. आणि कायदा पोहोचला तो न्यायमूर्तींच्या तोंडून, ज्यांनी अप्रीती म्हणजे प्रीतीचा अभाव असा अर्थ सांगितला. शिक्षा अठरा महिन्यांची झाली.

१९०८ साली तेच पुन्हा घडले. सरकारने खास ज्यूरी मागितली आणि आरोपीची हरकत असताही ती मिळाली. सात युरोपियन, दोन पारशी. निर्णय सात विरुद्ध दोन. शिक्षा सहा वर्षे काळ्या पाण्याची. न्या. दावर हे १८९७ मध्ये टिळकांच्या जामीन-अर्जासाठी उभे राहिलेले वकील होते, हा योगायोग सर्वश्रुतच आहे. ज्याच्या लेखावर खटला, त्याची भाषा जाणणारे लोक निर्णेत्यांत असावेत, ही मागणी गोतसभेच्या दृष्टीने मागणीच ठरली नसती; ती सभा भरण्याची पहिली अट होती. हायकोर्टात तीच गोष्ट जवळजवळ अपात्रता ठरली. शेजाऱ्याचे ज्ञान नाही आणि परक्याची तटस्थताही नाही, अशी ही मधलीच संस्था होती.

स्वातंत्र्यानंतर असेसर १९५५ च्या दुरुस्तीने गेले आणि १९५८ साली विधि आयोगाने आपल्या चौदाव्या अहवालात ज्यूरी बंद करण्याची शिफारस केली. पुढच्याच वर्षी मुंबईत नौदल अधिकारी नानावटी यांचा खटला उभा राहिला. ज्यूरीने आठ विरुद्ध एक मताने आरोपीस निर्दोष ठरविले. सेशन्स न्यायाधीश मेहता यांनी तो निर्णय न स्वीकारता प्रकरण हायकोर्टाकडे पाठविले. हायकोर्टाने दोषी ठरविले आणि २४ नोव्हेंबर १९६१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते कायम केले. हा देशातील अखेरचा ज्यूरी-खटला असे वारंवार छापले जाते, ते चूक आहे. शिफारस आधीची होती, आणि ज्यूरीची तरतूद संहितेतून गेली ती १९७३ च्या संहितेने, १ एप्रिल १९७४ पासून.

पंच हा शब्द मात्र फौजदारी कामात राहिला. जून २०२१ मध्ये पुणे महानगरपालिकेत आलेल्या वाघोलीत आज झडती झाली तर पोलीस पंच बोलावितात आणि पंचनाम्यावर त्यांच्या सह्या घेतात. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेतही झडतीस हजर राहणारे दोन वा अधिक गृहस्थ त्याच परिसरातील, प्रतिष्ठित आणि स्वतंत्र असावेत, असे सांगितले आहे. गोतसभेतील पंचाकडून हेच अपेक्षिले जाई. फरक इतकाच की आजचा पंच पाहतो व सही करतो, आणि निवाड्याच्या दिवशी साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा राहतो.