‘रामटेकच्या खासदारांचे खाते’ : तळटीप १४

१४. हे खासदार म्हणजे पी. व्ही. नरसिंह राव. १९८४ आणि १९८९ च्या लोकसभा निवडणुका ते रामटेकमधून जिंकले. १९८८-८९ मध्ये परराष्ट्र खाते त्यांच्याकडे होते. व्हिसाबंदीचा मूळ मजकुरातला उल्लेख त्या काळातला, दक्षिण आफ्रिकेच्या वर्णद्वेषी राजवटीसंबंधीचा आहे. त्या देशाशी व्यापार भारताने स्वातंत्र्याआधीच, १९४६ मध्ये तोडला. पुढे भारतीय पासपोर्टवरच छापील नोंद असे : दक्षिण आफ्रिका वगळून इतर देशांसाठी वैध. ही बंदी आपल्याच नागरिकांवर होती. डर्बनमध्ये नातेवाईक असलेल्या साध्या कुटुंबांनी तिची झळ सोसली, हे आपल्या इतिहासलेखनात फारसे येत नाही, यायला हवे.

राजवटीच्या माणसांनाच दाराबाहेर ठेवण्याचा मार्ग शेजारच्या ऱ्होडेशियाबाबत आधीच निघाला होता. २९ मे १९६८ च्या ठराव क्र. २५३ ने सुरक्षा परिषदेने तिथल्या पासपोर्टधारकांना प्रवेश बंद केला आणि बेकायदा गोऱ्या सरकारला हातभार लावणाऱ्यांनाही रोखण्यास सर्व देशांना सांगितले. तेव्हा भारत परिषदेचा सदस्य होता. आज हुकूमशाही सरकारांच्या अधिकाऱ्यांना नावानिशी व्हिसा नाकारतात, तो याच वाटेवरचा पुढचा टप्पा. माझ्या मते तो अधिक न्याय्य आहे, कारण शिक्षा जुलूम करणाऱ्याला होते, त्याच्या देशातल्या विद्यार्थ्याला किंवा रुग्णाला नव्हे.

दक्षिण आफ्रिकेशी भारताचे राजनैतिक संबंध नोव्हेंबर १९९३ मध्ये पुन्हा सुरू झाले. त्या वेळी राव पंतप्रधान होते. – संपादक